श्वासाची जागल

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे संपादक मंडळाचे पत्र आम्हां उभयतांच्या नावे आले. अशा अंकात शाळेच्या आठवणी, गुरुजनांचे ऋण आणि वसतिगृहातील दिवस यांविषयी लिहिण्याचा प्रघात आहे, आणि त्या विषयांवर लिहिणाऱ्या आमच्याहून समर्थ लेखण्या माजी विद्यार्थ्यांमध्ये पुष्कळ आहेत. आम्ही मात्र एका वेगळ्या विषयावर लिहिण्याची अनुमती मागितली व मंडळाने ती दिली. विषय झोपेचा आहे. अधिक नेमके सांगायचे तर झोपेत थांबणाऱ्या श्वासाचा. वैद्यकशास्त्रात त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

आम्ही दोघेही याच शाळेचे विद्यार्थी. 1981 साली पाचवीत दाखल झालो; एक मुलांच्या वसतिगृहात वाढला, दुसरी मुलींच्या. पुढे संसार मांडला, त्याला आता 27 वर्षे झाली. या लेखात ‘आम्ही’ म्हटले आहे ते केवळ लेखनाचा शिष्टाचार म्हणून नव्हे. हा आजार ज्याला आहे त्याला तो ऐकू येत नाही. जिला ऐकू येतो तिला तो झालेला नाही. निजणाऱ्याला आपल्या रात्रीची काहीच खबर नसते. त्याची साक्ष शेजारी जागणाऱ्या माणसानेच द्यायची असते. तेव्हा या विषयावर दोघांपैकी कुणा एकाने लिहिले असते तर अर्धीच हकीकत वाचकांच्या हाती पडली असती.

आपल्याकडे घोरण्याला कुणी आजार मानत नाही. ज्याला पडल्या पडल्या झोप लागते आणि जो डाराडूर घोरतो तो सुखी माणूस, दिवसभर कष्ट केलेला माणूस, असा आपला समज आहे. लग्नाच्या घरी, वऱ्हाडाच्या मुक्कामी, एसटीच्या रात्रीच्या प्रवासात घोरणाऱ्यावर विनोद होतात, त्याला कुंभकर्ण म्हणतात आणि सकाळी चहाबरोबर सारे विसरून जातात. आमच्या घरीही घोरणे होतेच. परंतु काही वर्षांपासून त्याची चाल बदलली. आवाज चढत जाई आणि एकाएकी बंद पडे. खोलीत केवळ पंख्याची घरघर उरे. छाती तर वरखाली होताना दिसे, पण नाकाशी हात नेला तर वारा लागत नसे. मग दहा, वीस, कधी तीस आकडे मोजून होत आणि एखादा माणूस पाण्यातून डोके वर काढतो तसा मोठा हुंदकारा देऊन श्वास पुन्हा सुरू होई. निजणारा कूस बदलून पुन्हा घोरू लागे. आकडे मोजणारीची झोप मात्र तेथेच संपत असे.

विदर्भातील शेतकऱ्यांच्या मुलांना जागल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पिकात रानडुकरे शिरू नयेत म्हणून रात्री शेतावर जाऊन राहायचे, डोळा लागला तरी कान उघडा ठेवायचा, ही जागल. आमच्या दोघांच्याही वडिलांनी हरभऱ्याची आणि ज्वारीची जागल केली आहे. आमच्या घरात अनेक रात्री तशीच जागल चालली. फरक एवढाच, की येथे राखण पिकाची नव्हती. श्वास थांबला की खांदा हलवायचा, कुशीवर वळवायचे आणि तो सुरू झाल्याची खात्री पटली की डोळे मिटायचे. असे रात्रीतून किती वेळा होई, त्याची गणती नाही.

दिवसाची बाजूही याला जोडलेली होती. रात्री आठ तास अंथरुणात काढूनही सकाळी उठताना डोके जड, तोंड कोरडे. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठणे. दुपारी कार्यालयात फाइल समोर असताना डोळे मिटणे, बैठकीत मान खाली जाणे, घरी बातम्या पाहता पाहता खुर्चीतच झोप लागणे. रक्तदाबाच्या गोळ्या एकीच्या दोन आणि दोनाच्या तीन झाल्या, तरी दाब खाली येईना. चिडचिड वाढली. ज्याची स्मरणशक्ती वर्गात वाखाणली जात असे तो माणूस शेजाऱ्याचे नाव आठवताना अडखळू लागला. वयोमानाप्रमाणे असे व्हायचेच, असे ज्याला विचारावे तो सांगत असे. पाटबंधारे खात्यातील नोकरीमुळे रोज 34 किलोमीटर जाणे आणि तेवढेच येणे मोटारसायकलवरून होते. त्या रस्त्याचा विचार मनात आला की घरी असणारीच्या पोटात गोळा येई.

15 फेब्रुवारी 2022 रोजी संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतरच्या बातम्यांत छातीच्या संसर्गाबरोबर त्यांच्या स्लीप ॲप्नियाचाही उल्लेख डॉक्टरांच्या हवाल्याने आला. हे नाव मराठी घराघरांत पोहोचले ते बहुधा त्याच आठवड्यात. बातमीत वर्णन केलेली लक्षणे वाचून आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्याच रात्री मोबाइलवर झोपेचे चार मिनिटांचे चित्रण केले आणि महिनाभरात ते घेऊन नागपूरला छातीरोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी निजणाऱ्याला जेवढे प्रश्न विचारले त्याहून अधिक जागणारीला विचारले. वाचकांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण अशा भेटीला पुष्कळ रुग्ण एकटेच जातात आणि ‘मला तर झोप चांगली लागते’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगून परत येतात.

झोपेची तपासणी रुग्णालयात एक रात्र राहून करावी लागली. डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला आणि पायांना तारा चिकटवल्या, छातीवर व पोटावर पट्टे बांधले, नाकाशी बारीक नळी आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला. मेंदूच्या लहरी, हृदयाचे ठोके, नाकातून जाणारी हवा आणि छातीपोटाची हालचाल या सर्वांची नोंद एकाच वेळी होते. एवढ्या जंजाळात झोप कशी लागणार, असा प्रश्न पडतो. पण ज्याच्या झोपेची उधारी वर्षानुवर्षे साचली आहे त्याला ती लागतेच. पहिल्या अर्ध्या रात्रीच्या नोंदीवरून निदान झाले आणि उरलेल्या रात्री यंत्र लावून किती दाबाची हवा पुरेल ते ठरवण्यात आले.

अहवालात ताशी 41 असा आकडा होता. श्वास निदान दहा सेकंद बंद पडला किंवा फार उथळ झाला तर ती एक घटना धरतात. मोठ्या माणसांत अशा घटना तासाला 5 ते 15 असतील तर आजार सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या पुढे तीव्र समजतात. ताशी 41 म्हणजे सात तासांच्या झोपेत सुमारे 287 वेळा. सर्वांत दीर्घ थांबा 52 सेकंदांचा होता आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण एका क्षणी 74 टक्क्यांपर्यंत उतरले होते. अवघ्या वर्षभरापूर्वी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, बोटाच्या चिमट्यावर 90 चा आकडा दिसला तरी घरेच्या घरे दवाखान्याकडे धावली होती. आमच्या घरात 74 चा आकडा रोज रात्री येऊन जात होता.

हे घडते कसे, ते डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. आपल्या घशाच्या नळीला नाकाच्या वाटेसारखा हाडांचा किंवा श्वासनलिकेसारखा कूर्चेच्या कड्यांचा आधार नाही; ती स्नायूंच्या बळावर उघडी राहते. झोपेत सारे स्नायू सैल पडतात. ज्याचा घसा मुळात अरुंद, मान जाड, जबडा आखूड किंवा मागे गेलेला, जीभ मोठी, त्याची नळी अशा वेळी मिटते. उताणे निजले की जीभ मागे सरकून भर पडते. छाती आत हवा ओढतच असते, पण दार बंद असते. प्राणवायू कमी झाला की मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणतो, दार उघडते. हे जागे होणे इतके अल्प असते की सकाळी त्याची स्मृती उरत नाही. पण झोपेची वीण मात्र प्रत्येक वेळी उसवते. प्रत्येक वेळी हृदय धडधडते आणि रक्तदाब उसळी घेतो. दिवसा पेंगणे, सकाळी डोके दुखणे, गोळ्यांना न जुमानणारा रक्तदाब या साऱ्यांचे मूळ या बंद दाराशी होते.

हा केवळ स्थूल माणसांचा आजार आहे, हा समजही खरा नाही. वजन हे मोठे कारण आहेच आणि वजन उतरवल्याने त्रास कमी होतो. पण आशियाई चेहऱ्यांच्या ठेवणीमुळे आपल्याकडे बेताच्या वजनाच्या माणसांतही तो आढळतो. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर त्याचे प्रमाण वाढते. त्यांचे घोरणे हळू असते. झोप न लागणे, थकवा, उदासपणा अशी तक्रार घेऊन त्या येतात आणि पुष्कळदा टॉनिकच्या बाटलीवर त्यांची बोळवण होते. मद्य आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. ‘झोप नीट लागत नाही ना, मग एक गोळी घे’ हा शेजारचा सल्ला येथे म्हणूनच घातक ठरू शकतो.

इतिहासही मोठा बोधप्रद आहे. चार्ल्स डिकन्सने 1836-37 मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा रंगवला. तो काम करता करता, उभ्या उभ्याही घोरू लागतो. वाचक हसले. पुढे सुमारे एकशेवीस वर्षांनी, 1956 मध्ये, अमेरिकेतील डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाचे वर्णन करताना या कादंबरीचे नाव आजाराला दिले. झोपेत श्वास खरोखर थांबतो, हे 1965 मध्ये फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी नोंदींनिशी दाखवले. क्रिस्तियाँ गियेमिनो यांनी 1976 मध्ये स्लीप ॲप्निया सिंड्रोम हे नाव रूढ केले. तोवर तीव्र रुग्णासाठी एकच खात्रीचा इलाज होता: गळ्याला भोक पाडून श्वासाला दुसरी वाट करून देणे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी वेगळा विचार केला. नळी मिटते ती आतून हवेचा टेकू नसल्यामुळे. मग नाकावाटे हवेचाच टेकू का देऊ नये? केर ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीचा उपयोग उलट दिशेने, हवा ढकलण्यासाठी करून त्यांनी यंत्र जुळवले. 1980 मध्ये पहिला प्रयोग झाला आणि 1981 मध्ये पाच रुग्णांचा अनुभव ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या वर्षी आम्ही पत्र्याच्या पेट्या घेऊन या शाळेच्या दारात उभे राहिलो तेच हे वर्ष. सुरुवातीचे मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावे लागत. आजचे यंत्र जेवणाच्या डब्याएवढे आहे.

त्या यंत्राला सीपॅप म्हणतात. ते खोलीतलीच हवा गाळून घेते आणि नळीतून, नाकावरच्या मास्कमधून ठरावीक दाबाने आत सोडते. आमच्या यंत्राचा दाब 11 सेंटिमीटर पाण्याइतका ठरला. वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत तो जेमतेम एक टक्का भरतो. एवढासा टेकू रात्रभर घशाचे दार उघडे ठेवतो. त्यात प्राणवायूचे नळकांडे नसते, औषध नसते. हे समजावून सांगण्याची वेळ आमच्यावर पुष्कळदा आली. पहिल्याच महिन्यात गावाकडून आलेल्या आत्याबाई पहाटे पाणी पिण्यास उठल्या आणि उघड्या दारातून मास्क पाहून तेथेच खाली बसल्या. “अवं माय! याले ऑक्सिजन लागला अन् तुम्ही मले सांगितलं नाही!” करोनात त्यांनी तरुण पुतण्या गमावला होता, त्यांच्या दृष्टीने नाकावरच्या मास्कचा अर्थ एकच होता. त्यांना यंत्राजवळ बसवले, नळी त्यांच्या हाती दिली, वारा तळहातावर घेऊ दिला. “हे त् नुसता वाराच हाय,” असे म्हणून त्या शांत झाल्या. आमच्या मते या यंत्राचे याहून चांगले वर्णन कुणी केलेले नाही.

पहिले पंधरा दिवस सोपे नव्हते. मास्क लावताच कोंडल्यासारखे होई. तंत्रज्ञाने सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी बातम्या पाहताना जागेपणीच अर्धा तास तो लावून बसण्याचा परिपाठ ठेवला, तेव्हा चेहऱ्याला त्याची सवय झाली. मिशीमुळे कडेने हवा निसटे आणि डोळ्यांत जाई. तीस वर्षांची मिशी एका रविवारी उतरवली. तोंड उघडे राहिले की घसा कोरडा पडे, म्हणून हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी जोडली. डिसेंबरच्या थंडीत त्याच ओलाव्याचे थेंब नळीत साचून गुडगुड आवाज करू लागले; तेव्हा ओलावा एका अंशाने कमी केला आणि नळी पांघरुणाखालून घेतली. उन्हाळ्यात कुलरजवळ धूळ फार, म्हणून यंत्राचा फिल्टर वरचेवर पाहावा लागतो. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घालतो. विहिरीच्या जड पाण्याने तिला पांढरा थर धरतो. मास्कचा चेहऱ्याला टेकणारा भाग रोज सौम्य साबणाने आणि नळी आठवड्यातून एकदा धुतो. घरात मीठ-मिरचीप्रमाणे हेही एक काम होऊन गेले आहे.

विजेचा प्रश्न मोठा होता. आमच्या तालुक्याच्या गावी उन्हाळ्यात आणि वळवाच्या पावसात रात्री वीज जाते. वीज गेली की यंत्र थांबते. तेव्हा झोपणारा कधी जागा होतो, कधी होत नाही. जागणारी मात्र पूर्वीच्या सवयीने तत्क्षणी उठते. यंत्राबरोबरच इन्व्हर्टरही घ्यावा लागला. यंत्र 45,000 रुपयांच्या आसपास पडले आणि आमच्या विम्यात ते बसले नाही. मुलीच्या शिक्षणाचे हप्ते चालू असताना ही रक्कम आम्हांला सहज परवडणारी नव्हती. दुचाकी बदलायची म्हणून बाजूला ठेवलेले पैसे त्यासाठी वापरले. अहवाल हाती आल्यापासून यंत्र घरी येईपर्यंतचे पाच आठवडे मोटारसायकल अंगणात उभी राहिली आणि नोकरीवर जाणे-येणे एसटीने झाले. ज्याची झोप अशी तुटलेली आहे त्याने वाहन चालवू नये, हा डॉक्टरांचा सल्ला आम्ही अक्षरशः पाळला. तो पाळणे गैरसोयीचे होते, पण त्या पाच आठवड्यांत घरी वाट पाहणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा आला नाही.

फरक कधी पडला? काहींना पहिल्याच सकाळी जाणवतो म्हणतात. आम्हांला तिसऱ्या आठवड्यात जाणवला. एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीत बसूनही डोळे मिटले नाहीत. पुस्तकाची चाळीस पाने वाचून झाली. डोकेदुखी गेली, रात्रीचे उठणे एकावर आले. सहा महिन्यांत डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी कमी केली. यंत्राच्या पडद्यावर सकाळी रात्रीचा हिशेब दिसतो: 41 च्या जागी आता 3 किंवा 4.

परंतु जागणारीच्या वाट्याला आरंभी वेगळाच अनुभव आला. खोलीत इतकी शांतता झाली की तिला झोप येईना. घोरण्याचा आवाज म्हणजे माणूस जिवंत असल्याची खूण, असा कानाला वर्षांचा सराव होता. ती खूण नाहीशी झाल्यावर मध्यरात्री उठून नाकाशी हात न्यायचा, मास्कच्या छिद्रांतून बाहेर पडणारा वारा बोटांना लागला की पुन्हा आडवे व्हायचे, असे दोन महिने चालले. नंतर त्या मंद सुस्काऱ्याचीच खूण झाली. यंत्र एकाच्या नाकावर आहे, पण झोप दोघांची परत आली. दोघांच्या स्वभावातला जो कडवटपणा आम्ही संसाराचा भाग समजत होतो, त्यातला बराचसा अपुऱ्या झोपेचा होता, असे आज म्हणता येते.

या यंत्राचे गुणगान करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते आजार बरा करत नाही. चष्म्याप्रमाणे लावले तोवरच उपयोग. 2016 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या 2,700 हून अधिक रुग्णांवर केलेल्या त्या अभ्यासात सीपॅपमुळे पुढील हृदयविकार व पक्षाघात टळले, असे दिसले नाही. दिवसाची झोप, घोरणे आणि मनाची उदासी मात्र निश्चित कमी झाली. त्यातील रुग्ण सरासरी साडेतीन तासांहूनही कमी वेळ यंत्र लावत होते, हेही लक्षात ठेवावे. ज्यांना यंत्र सोसत नाही त्यांच्यासाठी जबडा पुढे धरणारी दातांवरची साधने आहेत, काहींना कुशीवर निजण्याने आणि वजन उतरवण्याने पुरेसा आराम पडतो, निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया उपयोगी पडते. कुणाला काय योग्य, हे तज्ज्ञांनीच ठरवायचे. आणखी एक गोष्ट प्रत्येक रुग्णाने ध्यानात ठेवावी. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपल्याला हा आजार आहे हे आवर्जून सांगावे आणि यंत्र सोबत न्यावे.

शाळेत सकाळच्या वंदनेनंतर दहा मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे पाहण्याचा पाठ असे. श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणायचे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणायचे. त्याला बदलायला जायचे नाही. बालवयात आम्हांला त्याचे मर्म कळत नव्हते. पुष्कळांची मान त्या दहा मिनिटांत खाली जात असे. आज तो पाठ नव्याने आठवतो. जागेपणी आपला श्वास आपल्याला पाहता येतो. निजल्यावर तो पाहणारे कुणीतरी दुसरे असावे लागते.

येथेच शाळेचा आणि या विषयाचा खरा संबंध येतो. हा आजार मुलांनाही होतो. त्यांच्यात त्याचे नेहमीचे कारण वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी हे असते. असे मूल बहुतेक रात्री घोरते, तोंड उघडे ठेवून निजते, मान विचित्र मागे टाकते, घामाघूम होते, कोरडे राहू लागलेले अंथरूण पुन्हा ओले करते. दिवसा ते मोठ्या माणसासारखे पेंगतेच असे नाही. उलट चुळबुळ करते, चिडते, त्याचे लक्ष टिकत नाही. प्रगतिपुस्तकावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा पडतो. आमच्या नात्यातील एका नऊ वर्षांच्या मुलीला असाच शेरा मिळत होता. सुट्टीत ती आमच्याकडे राहिली तेव्हा तिच्या झोपेचा आवाज ओळखीचा वाटला. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासून गाठी काढल्या. ती आज वर्गात पहिली येते अशातला भाग नाही. पण ती रात्रभर झोपते आणि दिवसभर खेळते. तिच्या आईला एवढे पुरेसे वाटते, आणि आम्हांलाही.

आमच्या वेळच्या वसतिगृहात ‘इंजिन’ या टोपणनावाचा एक मुलगा होता. त्याची सतरंजी दाराशी असे, कारण त्याच्याजवळ कुणाला झोप लागत नसे. पहिल्या तासाला तो पेंगायचा. त्याला काय होते, हे आज सांगता येणार नाही, आणि त्या काळी ते ओळखण्याचे साधनही नव्हते. कुणाला बोल लावण्यासाठी हे लिहिलेले नाही. परंतु आज साधन आहे. निवासी शाळेत मुलांचे आईवडील दूर असतात. त्यांच्या लेकरांचा रात्रीचा श्वास ऐकणारा एकच मोठा माणूस तेथे असतो, तो म्हणजे गृहपाल. त्याच्या कानावर मुलांचे पुष्कळ काही अवलंबून आहे. वार्षिक आरोग्य तपासणीत उंची, वजन, दात, डोळे पाहतात, तसाच गृहपालांना एक प्रश्न विचारला जावा: कोणते मूल रोज घोरते, कोणाचा श्वास अडकतो? घोरणारे प्रत्येक मूल आजारी नसते. पण ज्याच्याविषयी शंका आली त्याला डॉक्टरांकडे पाठवायला खर्च फारसा नाही.

मागच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात आम्ही यंत्र घेऊनच मुक्कामाला आलो होतो. सभागृहात गाद्या घातल्या होत्या. यंत्र मांडताना प्रथम हसाहस झाली, जुन्या वर्गमित्रांनी ‘अंतराळवीर’ अशी पदवीही बहाल केली. मात्र दिवे मालवण्यापूर्वी एकामागून एक पाच जण हळूच येऊन बसले. कुणाला गाडी चालवताना डुलकी येत होती, कुणाच्या पत्नीने वेगळ्या खोलीत अंथरूण नेले होते, एका भगिनीला दहा वर्षे झोपच नव्हती. हसणाऱ्यांत तेही होते. त्यांपैकी तिघांनी पुढे तपासणी करून घेतली. दोघांना यंत्र लागले. स्मरणिकेत हा विषय लिहावा, असे त्या रात्रीच आमच्या मनाने घेतले.

आपल्या समाजात आजार लपवण्याची रीत आहे, कारण आजारी माणसाला दुबळा समजतात, आणि दुबळेपणाची झळ आपल्या आधीच्या पिढ्यांनी फार सोसली आहे. नाकाला नळी लावून निजणे कित्येकांना कमीपणाचे वाटते. लग्नकार्याला, पाहुण्यांच्या घरी ते यंत्र घरीच ठेवून जातात. आमची त्यांना विनंती आहे की ते उघडपणे सोबत न्यावे. विचारणाऱ्याला सांगावे. एकाने सांगितले की दुसरा विचारतो.

संस्थेच्या पुढील वाटचालीस आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा. वाचकांकडे आमचे मागणे लहान आहे. आपल्या घरात कुणाचा श्वास रात्री थांबत असेल, तर त्याची थट्टा न करता एक रात्र घड्याळ घेऊन बसावे, चार मिनिटांचे चित्रण करावे आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे. ज्याने ते ऐकले त्यानेही बरोबर जावे. कारण तेथे प्रश्न विचारले जातील आणि उत्तरे त्यालाच ठाऊक असतील.